अर्ध्या दाढीचं सोंग

माझ्या दाढीला दोन महिने झाले होते, तेव्हा भाऊ कर्जतच्या बाजारातून सासरचा निरोप घेऊन आला.

दाढीच म्हणते मी. लव म्हणून, 'जरा राठसे केस' म्हणून मी बारा वर्षं स्वतःची समजूत काढली, आता त्याचाही कंटाळा आला. सोळाव्या वर्षी हनुवटीखाली चार काळे केस आले. महिन्याचं माझं कधी वेळेवर नव्हतंच, चार-चार महिने पत्ता नसायचा, आणि जितकं ते लांबायचं तितकं हे वाढायचं. वैदू म्हणाला, अंगात उष्णता आहे, काढा घे. दोन पावसाळे मी तो कडूजहर काढा प्याले. केसांना तो चांगला मानवला, मला काही मानवला नाही.

मग राख. लग्न होऊन सासरी गेले तशी मी सगळ्यांच्या आधी उठून गोठ्यात जाऊन बसायची. गोवरीची राख फडक्यातून गाळून मडक्यात ठेवलेली असायची. बोटांना चिमूटभर राख लावली की केस निसटत नाही. एकेक धरायचा, श्वास रोखायचा आणि ओढायचा. वर खोबरेल, वर हळद. उजाडेपर्यंत मी चारचौघींसारखी होऊन चुलीपुढे बसलेली असायची. एक दिवसाआड, अशी दहा वर्षं. त्या गावात माझं खरं तोंड काय ते आमच्या म्हशीने पाहिलं होतं, आणि ती बिचारी कुणाला सांगायला गेली नाही.

पौषात एकदा सासू लवकर उठली. गौराबाई तिचं नाव. गोठ्याच्या दारात उभी राहून तिने सगळं पाहिलं, तेव्हा काही बोलली नाही. बोलली विहिरीवर, दहा बायकांत. "आमच्या घरात एक बाप्या हाय, आनखी एक नको. म्हनून तर हिची कूस उजवत नाय."

माझा नवरा भिवाजी तिथेच बैलांना पाणी पाजत होता. त्याने ऐकलं. मग तो बैलाच्या मानेकडे बघत राहिला, जणू त्या मानेवर काही लिहिलं होतं, आणि बैल घेऊन निघून गेला. सासूचं बोलणं मी कधीच गिळलं असतं. त्याचं ते गप्प राहणं मात्र माझ्या गळ्याखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी मी खालापूरकडे माहेरी निघून आले आणि रागाने राखेला हात लावायचंच सोडलं.

तर निरोप असा होता: पंचमीला भिवाजीसाठी मुलीकडची माणसं येणार. जिजाने, म्हणजे मी, यावं आणि नव्या मुलीला आपल्या हाताने कुंकू लावावं, म्हणजे लोक नावं ठेवणार नाहीत.

"जायचं तर तोंड नीट करून जा," माझा भाऊ आबाजी म्हणाला. "नायतर जाऊच नको." सोबत येतो असं काही तो म्हणाला नाही.

कुंकू लावलं की माझं त्या घरातलं काम संपलं, एवढं मला कळत होतं. पण मला त्याआधी एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. दुसरी बायको भिवाजीला हवी होती, की तो आताही नुसताच गप्प बसला होता? हवी असेल तर मी कुंकू लावून, उपाशीपोटी का होईना, परत फिरणार होते.

राखेची पुरचुंडी कनवटीला लावून मी पंचमीच्या सकाळीच निघाले. खोपोलीला विजेचं घर होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील, पण आमच्या वाटेवर अजून बैलगाडीचीच चाकोरी होती. फाल्गुनाचं ऊन. मोहाची फुलं झाडाखाली पडून आंबलेली, त्यांचा गोड वास डोक्यात चढत होता. पोटात काही नव्हतं, म्हणून असेल, पण पायांखालची वाट मला लागेनाशी झाली. दूर माथेरानचा डोंगर निळा होऊन हलत होता. घाटातून आगगाडीचा धूर वर आला आणि तिथेच राहिला, विरायचं विसरून गेला. मी चालते आहे, की मी झोपलेय आणि दुसरीच कुणी माझं लुगडं नेसून चालतेय, हे मला सांगता आलं नसतं. पण बरं वाटत होतं. फार दिवसांनी बरं वाटत होतं.

गावाच्या अलीकडे ओढा लागतो. तिथे सावलीत बसून मी राख काढली. दोन महिन्यांचे केस, मुळं घट्ट झालेली, एकेक उपटताना डोळ्यांतून पाणी येई. डावी बाजू झाली. हनुवटी लाल झाली, टिपूस टिपूस रक्त आलं. पाण्यात वाकून बघितलं तर अर्धी जिजा होती आणि अर्धा कुणीतरी दाढीवाला, आणि त्या दोघांच्यातून बारीक मासे जात होते. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

ढोल ऐकू आला तो मला आधी पाण्यातूनच आल्यासारखा वाटला. मान वर केली तर समोर ठाकूरवाडीचे शिमग्याचे खेळे. सहा-सात जण, तोंडाला गुलाल, एकाच्या डोक्यावर मोरपिसं, एक जण लुगडं नेसलेला आणि लंगडत चाललेला. शिमग्यात आमच्याकडे पुरुष बायकांची सोंगं घेतात आणि दारोदार नाचून तांदूळ-नारळ मागतात. पदर ओढून घ्यायलासुद्धा मला वेळ मिळाला नाही.

"आरं, बगा बगा!" ढोलवाला ओरडला. "अर्धी दाढी ठेवलीय, अर्धी काढलीय! काय डोकं चालवलंय! कुठल्या वाडीचा रं तू?"

सगळे भोवती जमले आणि माझ्या तोंडाकडे बघून हसू लागले. मी मरून जायला हवं होतं. पण ते हसणं वेगळंच होतं. सुगरणीचं जेवण वाखाणावं तसे ते माझं तोंड वाखाणत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

"खालापूरचा," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. आवाज माझा तसाही जाडच.

ढोलवाल्याचं नाव धाऊ. लुगडं नेसून लंगडणारा तो कमळ्या. त्याचा पाय मुरगळला होता. "ह्याच्या जागी आमच्या संगं चल," धाऊ म्हणाला. "नाचायचं, आन् घरच्या मालकाला धरून म्हनायचं, मला टाकून दुसरी आनतोस काय? बास. लोक आपोआप हसतात." आणि त्याने ज्या गावाचं नाव घेतलं ते माझं सासर होतं.

मी हो म्हणाले. का म्हणाले, तर ह्या सोंगात तिथे मला कुणी ओळखणार नव्हतं. दहा वर्षं मी लपवलं ते तोंड उघडं घेऊन मी त्या गावात बिनघोर फिरू शकत होते. खेळ्यांतल्या एकाने माझ्या गालांना गुलाल फासला, आणि मी नाचत नाचत माझ्याच घरी निघाले.

आमच्या अंगणात घोंगडी अंथरली होती. तिच्यावर मुलीचा बाप, दोन-तीन माणसं, आणि मागे गुडघ्यांत मान घालून बसलेली एक मुलगी, चिंधी. पंधरा-सोळाची असेल. ढोल वाजत होता, मी गिरक्या घेत होते, आणि ओटा, तुळस, गोठा, सगळं माझ्याभोवती हळूहळू तरंगत होतं. गौराबाईने सुपातून तांदूळ घातले, माझ्याकडे सरळ बघितलं आणि पदर तोंडाला लावून खो-खो हसली.

"मेल्यानं लुगडं बघा कसं नेसलंय! माझ्या सुनंला कदी असं जमलं नाय."

भिवाजी खांबाला टेकून बसला होता. नवं पागोटं, आणि खाली तोंड एवढंसं झालेलं. मी त्याची बाही धरली. "मालक, मला टाकून दुसरी आनताय?"

अंगण हसलं. मालकाने काहीतरी चटपटीत उत्तर द्यायचं असतं. "बोल रं, भिवा!" लोक म्हणाले.

चटपटीत बोलणं त्याच्या बापजन्मात नव्हतं. तो म्हणाला, "टाकली नाय. ती गेली."

"गेली का घालवली?"

लोक टाळ्या पिटायला लागले. भिवाजी मात्र हसला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "घालवली. मी गप ऱ्हायलो, मंजी मीच घालवली."

"मग आनायला का नाय गेलात?"

"कुठल्या तोंडानं जानार?"

माझा घोगरा आवाज कुठे गेला मला कळलं नाही. "मी आले नव्हं, ह्या तोंडानं?"

तेव्हा त्याने वर बघितलं. गुलाल बघितला, डोळे बघितले, उजवीकडची दाढी बघितली, डावीकडचं लाल कातडं बघितलं. सावकाश, काही न वगळता. ढोल फार लांब कुठेतरी वाजत होता. आता हा पुन्हा बैलाच्या मानेकडे वळेल, असं मला वाटलं. मी बाही सोडली. तर त्याने माझं मनगट धरलं.

"ही माजी बायको हाय," तो म्हणाला.

लोक इतके हसले की कुत्रं उठून पळालं. धाऊने खूश होऊन ढोल आणखी जोरात वाजवला.

"जिजा हाय ही," भिवाजी म्हणाला. "माजी बायको."

पुन्हा हसले, पण कमी. गौराबाईचं हसणं मधेच तुटलं.

मग तो उठला आणि मुलीच्या बापापुढे जाऊन उभा राहिला. माझं मनगट त्याने सोडलं नव्हतं. "पाव्हनं, माजी बायको घरी आलीय. तुमी जेवून जावा. पन पोरीचं दुसरीकडं बघा. ही आशीच हाय, आन् मला हीच पायजे."

या वेळी कुणीच हसलं नाही. धाऊचा हात ढोलावर तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, "अगं आये, बाई हाय ही!" म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला. चिंधीने गुडघ्यांतून मान वर काढली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तिलाही कुणी काही विचारलं नसणार.

पाहुणे जेवले नाहीत. चपला पायांत सरकवून निघून गेले. गाव मात्र हललं नाही, कुंपणाला टेकून बघत उभं राहिलं. गौराबाई माझ्याजवळ आली. आवाज तिने दाबला होता.

"आत हो गं. तोंड झाक. लोक बघतात."

"बघू देत, आत्याबाई," मी म्हणाले.

पदर मागे सारून मी ओट्याच्या कडेवर बसले, भर उन्हात, सगळ्यांच्या समोर. पाय इतके दुखत होते की आत जायचं त्राणही नव्हतं. थोड्या वेळाने भिवाजी आला आणि माझ्या शेजारी बसला. आई समोर उभी असताना बायकोला खेटून बसलेला पुरुष त्या गावाने तोवर पाहिला नव्हता. कुणीतरी कुंपणापलीकडून खाकरलं. पण भिवाजी उठला नाही; त्याचा खांदा माझ्या खांद्याला तसाच लागून राहिला.