उतरायची मिनिटं

डोंगरवाटेवर लावायच्या सतरा पाट्या तयार होऊन वर्कशॉपच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाण होते, ठिकाणांची नावं होती, अंतरं होती. फक्त मिनिटांची जागा कोरी होती.

गेल्या वर्षी शेजारच्या डोंगरवाटेवर इंजिनिअर मॅडमनी स्वतः चालून मिनिटं काढली होती. मॅडम तिशीच्या, पायात धावायचे बूट. त्यांच्या पंचवीस मिनिटांवर भरवसा ठेवून निघालेली माणसं अर्ध्या वाटेत बसकण मारायची आणि खाली आल्यावर कार्यालयात येऊन तोंडसुख घ्यायची. म्हणून यंदा वरून आदेश आला: वेळ 'सामान्य चालणाऱ्या'च्या पावलांनी मोजावी. काम पाट्या बसवणाऱ्या फिटरकडे आलं. शुक्रवारपर्यंत आकडे द्यायचे, ते पाट्यांवर चिकटवायचे आणि सोमवारी पाट्या डोंगरावर न्यायच्या.

फिटर स्वतः सामान्यात मोडत नव्हता. वीस वर्षं खांद्यावर लोखंडी खांब घेऊन चढल्यामुळे रिकाम्या हातानं तो जवळजवळ पळायचाच. त्याच्या बायकोनं विचारायच्या आधीच हात झटकले. "तुमच्याबरोबर चालणं म्हणजे सुटलेली बस पकडणं," ती म्हणाली आणि कामावर निघून गेली.

राहिली ताई. ती स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. चार महिने तिथंच होती.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि मशीनच्या पायडलवर उजवा गुडघा झिजवला. गुडघा बदलून झाला, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले, आता चाला. ताई ओट्यापासून दारापर्यंत जायची, परत यायची आणि म्हणायची, "झालं."

दुखणं हे त्याचं कारण नव्हतं. ऑपरेशननंतर दीड महिन्यानं सगळे तळ्यावर फिरायला गेले होते. प्रत्येक वळणावर घरची माणसं तिच्यासाठी थांबली. कुणी एका शब्दानं बोललं नाही. सगळे अगदी प्रेमानं थांबले, आणि तेच तिला लागलं. घरी आल्यावर तिनं जाहीर केलं, "माझ्यापायी कुणी खोळंबायचं नाही." त्यानंतर ती बाहेर म्हणून पडली नव्हती. फिटरला धास्ती होती ती एवढ्याचीच: पाय बरा होईल आणि ताई मात्र खुर्चीतच राहील.

"ताई, मला एक माणूस हवंय. सामान्य."

"बाजारात बघ."

"तू चल ना. तू चालायचं, मी घड्याळ बघायचं."

"म्हणजे मी रखडणार आणि तू थांबणार. नको."

"थांबणं हेच काम आहे माझं. मी पुढं पळालो तर मोजणार काय, कपाळ?"

ताईनं हातातल्या शर्टाचं बटण पक्कं केलं, दोरा दातानं तोडला. "पाटीवर माझं नाव येणार?"

"पाटीवर कुणाचंच नाव नसतं."

"मग बघू," ती म्हणाली. ताईच्या तोंडी 'बघू' म्हणजे होकार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी दोघं वाहनतळावर उतरली. तिथून कड्यापर्यंत दीड किलोमीटर. फिटरनं घड्याळ लावलं मात्र, ताई काठी आपटत सुटली. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ. चार मिनिटांत तिचा चेहरा लाल झाला.

"खांब्या, किती झालं?" लहानपणी तो काडीसारखा उंच होता, तेव्हाचं हे नाव.

"ताई, माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढायचं, तेव्हा तू काय म्हणायचीस?"

ताई थांबली. हसू दाबत म्हणाली, "म्हणायचे, बाई, आत्ताच श्वास सोड, नाहीतर पुढं शिवण सुटेल."

"मग सोड की."

दोघं परत वाहनतळावर आली आणि घड्याळ पुन्हा शून्यावर लावलं.

आता ती स्वतःसारखी चालली. तीनदा बसली. "बसलेलं धरायचं?" तिनं विचारलं. "धरायचं. माणूस बसतंच." पुढं एका खोडावर मुंग्यांची रांग चढताना पाहत ती उभी राहिली आणि म्हणाली, "हे नको धरूस, ही माझी हौस." फिटरनं तेही धरलं. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला कडा आला. ताई कठड्याला टेकली आणि खालची दरी, दरीतला रस्ता, रस्त्यावरच्या काडेपेटीएवढ्या गाड्या पाहत राहिली.

"इथून आपलं घर दिसतं का रे?"

"नाही."

"बरं झालं."

खरी परीक्षा उतरताना होती. चढताना नुसता दम लागत होता, उतरताना प्रत्येक पावलाचा दणका नव्या गुडघ्यात जात होता. ताई आडवी होऊन, आधी दुखरा पाय आणि मग चांगला, अशी एकेक पायरी करत उतरू लागली. बारीक खडीच्या उतारावर ती जागीच उभी राहिली. फिटरनं हात पुढं केला.

"मोजणाऱ्यानं हात लावायचा नसतो."

"बरं."

तिनं काठी पुढं टेकवली, ती खडीवरून घसरली. "दे," ती म्हणाली. मग हात धरल्यावर, "माप चुकेल का रे यानं?"

"लोकही धरतातच की एकमेकांचे."

खाली पोचली तेव्हा चौऱ्याहत्तर मिनिटं झाली होती. फिटरनं पाठ फिरवली आणि वहीत पन्नास लिहिलं. ताईनं हात पुढं केला. "वही."

तिनं पाहिलं. "माझ्यासमोर कापड कमी मोजतोस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट कशाचं वाटतं ते सांगू? मला बघून माणसं गोड गोड बोलतात त्याचं. उद्या माझ्यासारखी कुणी पन्नास वाचून निघेल. पन्नास मिनिटं संपली तरी ती त्या उतारावरच. तिला वाटेल, पाटी बरोबर आहे, मीच मोडलेय." तिनं वही परत दिली. "खोड ते."

त्यानं खोडलं.

संध्याकाळी इंजिनिअर मॅडमचा फोन आला. "आकडे उलटे लिहिलेत तुम्ही. चढायला अठ्ठावन्न आणि उतरायला चौऱ्याहत्तर? मी अदलाबदल करून घेते."

"नाही मॅडम, बरोबर आहेत."

"असं कसं? उतरायला कमीच वेळ लागतो."

शेजारी बसून फोनमधला आवाज ऐकणाऱ्या ताईनं फिटरच्या हातून फोन काढून घेतला. "मी बोलतेय, ती सामान्य चालणारी. हे बघा, दम गेला तर बसल्यावर परत येतो. गुडघ्याचं तसं नसतं. गुडघा दर पावलाला विचारतो, ठेवू का? त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो."

पलीकडून मॅडम हळू म्हणाल्या, "माझी आई वर चढते, पण उतरायचं म्हटलं की घाबरते. आम्ही तिला भित्री म्हणतो."

"नका म्हणू."

"नाही म्हणणार." "साठ आणि पंचाहत्तर करू? पूर्ण आकडे बरे दिसतात."

"करा. वाढवायला हरकत नाही."

सोमवारी फिटर निघाला तेव्हा ताई आधीच गाडीत बसलेली होती. खांब गेल्या आठवड्यातच रोवून झाले होते, पाट्या नटबोल्टनं कसायच्या होत्या. कड्यावरची पाटी लावताना ताई दहा पावलं मागं उभी राहिली. "डावी बाजू दोराभर वर. अजून. बस." फिटरनं पाटीवर पाण्याची लेव्हल ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये होता.

तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं. "उतरायला जास्त?" मुलगी हसली. "छापताना गडबड केलीय यांनी." ताईनं काठी बाजूला घेऊन त्यांना वाट दिली. दोघं टणाटण उड्या मारत उतरून गेली.

"तुझं होईतो मी निघते," ताई म्हणाली.

"थांब, आलोच मी."

ती निघालीच होती. फिटरनं उरलेले बोल्ट घाईनं आवळले, पाना-पक्कड पिशवीत कोंबली आणि खडीच्या उतारावर तिला गाठलं. ती आडवी होऊन उतरत होती, काठी पुढं, दुखरा पाय मग. तो दोन पावलं मागं राहून तिच्या चालीनं चालू लागला.

ताईनं मान वळवली नाही. "मागं रेंगाळू नकोस. तुझी सावली पायात येते. हो पुढं."

"आणि तू?"

"मी येते माझ्या वेळानं. तू खाली थांब माझ्यासाठी."

फिटर कडेनं तिला ओलांडून पुढं झाला. वळणावर पोचला तेव्हा वरून हाक आली, "आणि भूक लागली तर डबा उघड! माझ्या वाटणीचं खाऊ नकोस म्हणजे झालं!"

तो खाली गेला, गाडीचं मागचं दार उघडून बसला आणि थांबला.