वाढलेला गॅस

ईश्वरअप्पांनी पाथरीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तीस वर्षं मापाडी म्हणून धान्य तोललं होतं. घरी बसल्यावर तोलायला काही उरलं नाही, तेव्हा ते दर सोमवारी स्वयंपाकघरातला सिलिंडर तोलू लागले. दाराच्या अँगलला हुकाचा डिजिटल काटा अडकवायचा, सिलिंडर जमिनीपासून चार बोटं उचलायचा आणि जे वजन भरेल त्यातून रिकाम्या सिलिंडरचं वजन वजा करायचं. ते वजन सिलिंडरच्या कड्यावरच रंगवलेलं असतं. त्यांच्या सिलिंडरवर पंधरा किलो आठशे होतं. मागच्या सोमवारी काटा एकवीसवर थांबला होता. म्हणजे पाच किलो दोनशे गॅस, वीस दिवसांचा.

मधले दोन दिवस ते आणि शांतम्मा चुडाव्याला लेकीकडे जाऊन आले. या सोमवारी सिलिंडर टांगला तर काटा म्हणाला, चोवीस किलो पाचशे.

अप्पांनी सिलिंडर खाली ठेवला. पुन्हा टांगला. तेवढंच.

"आवो, काय झालं?" शांतम्मांनी विचारलं.

"गॅस वाढलाय."

"गॅस कसा वाढंल?"

"तेच कळंना गेलंय."

काटा बिघडला असेल म्हणून अप्पांनी समोरच्या किराणा दुकानातून दहा किलोचं लोखंडी माप आणलं. काट्यानं बरोबर दहा दाखवले. मग त्यांनी ओलं फडकं सिलिंडरवर फिरवलं. वरचा भाग लवकर वाळला, खालचा ओला राहिला. ओल्याची रेघ थेट मधोमध होती, म्हणजे सिलिंडर निम्मा भरलेला. कुणी आत पाणी तर भरलं नसेल? पण सकाळी चहा नेहमीसारखाच उकळला होता. तीस वर्षांत आपल्या तोलाला कुणी बोट लावलं नाही, आणि आता घरातलाच सिलिंडर आपल्याला खोटं पाडतोय, असं वाटून अप्पा उंबऱ्यावर बसून राहिले.

तेवढ्यात शेजारची महेश्वरी आली. तीही गोंधळलेलीच होती.

"काकू, थोडं दूध तापवून घेऊ का? आमचा गॅस संपायलाय. लावून तीन आठवडे बी झाले न्हाईत, कसा संपला काय माहीत!"

शांतम्मांनी तिच्याकडे बघितलं, मग सिलिंडरकडे.

"तुमी कड्यावरचा आकडा वाचला का आज?" त्यांनी अप्पांना विचारलं.

"तो काय वाचायचा? पाठ हाय मला."

"वाचा की."

अप्पांनी चष्मा लावला आणि वाकून पाहिलं. सोळा किलो तीनशे. त्यांनी बोटानं रंग खरवडून पाहिला. "आकडा बी बदलला?" ते पुटपुटले.

महेश्वरीनं पातेलं ओट्यावर ठेवलं. "अप्पा, हा आमचा हाय," ती हळूच म्हणाली. "शनिवारी नणंदेला बघायला पाहुणे आले, अचानक वीस माणसं. दुसरी शेगडी मांडावी लागली. तुमच्या घराची चावी माझ्याकडंच व्हती, म्हणून तुमचा सिलिंडर नेला. रात्री ह्यांच्या दोस्तांनी परत आणून लावला. दोन्ही शेजारी शेजारी व्हते... भलताच आणला वाटतं. तुमाला सांगायची लाज वाटली."

"चावी घराकडं बघायला दिली व्हती," शांतम्मा म्हणाल्या. आवाज करडा होता. "मागितला असता तर न्हाई म्हणले असते का मी?"

महेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा तुमच्याकडंच राहू द्या काकू. तुमचा आमी संपवला."

"आणि तू लेकरांना काय घालशील? न्हे आपला. आधी दूध तापव."

दूध तापल्यावर महेश्वरीचा नवरा मल्लेश आला. मान खाली घालूनच त्यानं सिलिंडरांची अदलाबदल केली. परत आलेल्या सिलिंडरवर पंधरा किलो आठशे लिहिलेलं होतं. तो आकडा अप्पांनी दोनदा वाचला, मग टांगला. सोळा किलो दोनशे.

"चारशे ग्रॅम. गॅस कमीच झालाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "बरोबर हाय की! काटा बरोबर हाय."

"पाहुण्यांनी मुलगी पसंत केली का?" शांतम्मांनी मल्लेशला विचारलं.

"न्हाई कळवलं अजून," तो म्हणाला.

अप्पा तोवर नवीन सिलिंडर बुक करायला फोन शोधत होते.