डावीकडची खुर्ची

वैनगंगा एअर ही कंपनी विमानं मोजकीच उडवत असे, आश्वासनं मात्र रोज उडवत असे. नागपूरहून लहानसहान गावांना जाणारी पंख्यांची विमानं, भाडं बेताचं आणि पगार त्याहून बेताचा. रोशनी मेश्राम तिथे सहवैमानिक होती. सहवैमानिक उजव्या सीटवर बसतो आणि कॅप्टन डाव्या. मधलं अंतर हातभर, पण ते ओलांडायला कंपनीची मर्जी लागते, आणि त्या मर्जीची वाट बघण्यात रोशनीची उमेदीची वर्षं चालली होती. तास भरले होते, परीक्षा झाल्या होत्या. कंपनी आधी म्हणाली, दिवाळीनंतर. मग म्हणाली, नवं विमान आलं की. आता म्हणत होती, उन्हाळी वेळापत्रकात नक्की.

हे सगळं म्हणायचं काम तळप्रमुख कॅप्टन चंद्रभान लांजेवार यांचं. कोपराला गूळ लावावा तर त्यांनीच. माणूस समोर बसला की चहा मागवत, घरची चौकशी करत, आणि तो उठून जिना उतरेपर्यंत त्याच्या लक्षात येत नसे की आपण रिकाम्या हातानं बाहेर पडलोय.

तिकडे कन्हानला रोशनीचे वडील, देवराव, खाणीतून निवृत्त झाल्यापासून कामधंदा नसल्यासारखे सगळ्या वस्तीला सांगत सुटले होते की पोरगी कॅप्टन होऊन राहिली. बुद्धविहारात भेटणाऱ्या बाया तिला विचारत, "काय वं रोशनी, झाली काय कॅप्टन?" पहिल्यांदा ती हसली होती. पुढे तिनं घरी जाणंच कमी केलं.

मार्चमध्ये कंपनीनं नवा करार काढला. जो सही करील तो तीन वर्षं कंपनी सोडणार नाही, आणि त्याच्या बदल्यात त्याला कॅप्टनपदासाठी ‘प्राधान्य’ मिळेल. तारीख कुठेच नव्हती. तास भरलेले सहवैमानिक दोघंच होते, रोशनी आणि लकडगंजचा पियुष ठवकर. पियुषच्या घरी लाकडाचा धंदा. तो खानदानात पहिलाच आरा सोडून आकाशात गेलेला. विमानतळाबाहेरच्या टपरीवर दोघांनी ठरवून टाकलं.

"तारीख लिहून देईन तवाच सही," पियुष म्हणाला. "दोघंबी अडलो त त्याइचं चालत नाही. नव्या विमानाले कॅप्टन आणते कुठून?"

"अन् एकानं केली त?" रोशनीनं विचारलं.

"काहून करीन एक जन? मी त नाही करत."

पियुषचा स्वभाव असाच, दार उघडं टाकून बाजारात जाणाऱ्या माणसाचा. रोशनी मात्र कुलूप लावून पुन्हा दोनदा ओढून बघणाऱ्यांतली. पण त्या दिवशी तिला त्याचं बोलणं आवडलं, आणि खरंही वाटलं.

मग चंद्रभान सरांनी तिला एकटीला बोलावलं. चहा आला, वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी झाली.

"बेटा, जागा एकच निघते आहे," ते म्हणाले. "दोघांनाही करायची माझी इच्छा होती. पण वरून एकच मंजूर झाली. जो आधी सही करेल त्याची."

"सर, पियुष काय म्हणाला?"

चंद्रभान सर हसले. "पियुष समजदार मुलगा आहे," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या फायलीकडे वळले.

समजदार! या एका शब्दानं तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. आता पियुष जे काही करी त्याला वास येऊ लागला. फोन आला की तो उठून बाहेर जाई. पूर्वी जात नसे. बोलता बोलता गप्प होई. एकदा तर ती खोलीत शिरताच त्यानं फोन पालथा ठेवला. शंकेची पाल एकदा चुकचुकली की ती काही झोपू देत नाही. रोशनीला ती विमानातसुद्धा ऐकू येऊ लागली.

त्याच आठवड्यात ती त्याच्या घरी गेली. वैमानिकाला दर सहा महिन्यांनी द्यावी लागणारी परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्या टिपणांची वही त्याच्याकडे होती. ही परीक्षा आली की वैमानिक घरात एक अजब खेळ मांडतात. कॉकपिटचं खऱ्या मापाचं कागदी चित्र भिंतीवर चिकटवायचं, समोर खुर्ची टाकायची, आणि कागदावरच्या बटणांना हात लावत अख्खं उड्डाण करायचं. सहवैमानिकाची खुर्ची उजव्या अर्ध्या चित्रासमोर असते. उजवा हात सुकाणूवर, डावा इंजिनच्या दांड्यांवर. हाताला तीच सवय लागायला हवी, म्हणून कोणी चुकूनही दुसरीकडे बसत नाही.

पियुषच्या खोलीत चित्र होतं, खुर्ची होती, नुकताच माळ्यावरून काढलेला कूलर घरघरत होता. आणि खुर्ची डावीकडे होती.

रोशनी दारातच थबकली. डावीकडे! कॅप्टनच्या जागी!

"सराव जोरात चालू आहे वाटते," ती म्हणाली.

"करावाच लागते वं," वही शोधता शोधता पियुष म्हणाला. "हातच बसून नाही राहिला."

बसेल कसा? नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतोच, ती मनात म्हणाली. तेवढ्यात त्याची आई, शामलाकाकू, पन्हं घेऊन आल्या. "पी वं माय, किती वाळली तू," म्हणाल्या. रोशनीनं ते दोन घोटांत संपवलं आणि वही घेऊन निघाली. एक प्रश्न विचारायचा होता फक्त: खुर्ची तिकडे काहून ठेवली गा? पण संशयी माणसाची गंमत ही की तो सगळ्या जगाची झडती घेतो आणि समोरच्याला मात्र काही विचारत नाही. गाडी सुरू करताना तिला रडू आलं, आणि रडण्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सही केली.

"आणि तारीख, सर?" तिनं पेन ठेवताना विचारलं.

"आता तू घरची झालीस बेटा," चंद्रभान सर म्हणाले. "घरच्यांना काय तारखा द्यायच्या? यादी येईपर्यंत कोणाकडे बोलू नको."

आपल्या तोंडाला पानं पुसली गेली, हे तिला तिथेच कळलं. पण निदान पियुषच्या आधी पुसून घेतली, असा एक विचित्र आनंद घेऊन ती वैमानिकांच्या खोलीत येऊन बसली. थोड्या वेळानं पियुषला वरून बोलावणं आलं. तो गेला, आणि परत आला तो हसतच.

"काय माणूस आहे बावा!" खुर्चीत अंग टाकत तो म्हणाला. "मले म्हणे, रोशनीनं सही केली. आता तू बी कर, नाही त मागं राहशील. मी म्हटलं, सर, रोशनी मले सांगितल्याशिवाय सही करत नसते. काहीबी फेकून राहिले."

इतक्या वर्षांत त्या ऑफिसातून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य असावं. रोशनीनं पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली.

"एक काम करू," तो पुढे म्हणाला. "संध्याकाळी तुह्या खोलीवर येऊ काय सरावाले? आमच्या आईनं उजव्या अंगाले कूलरचं स्टँड मांडून ठेवलं. म्हणे गरमी वाढली, हलवू नको. तवापासून डावीकडे बसून उलट्या हातानं करून राहिलो. असाच गेलो त फेल होतो मी."

रोशनीला कूलर आठवला. चांगला पुरुषभर उंचीचा होता. त्याची गार हवा तिच्या अंगावर आली होती, आणि तिला फक्त खुर्ची दिसली होती.

"तुले अजून एक सांगतो, चिडू नको," पियुषनं आवाज खाली आणला. "बंगळूरच्या एका कंपनीचे फोन येऊन राहिले मले. मोठी विमानं. तुले बोललो नाही. म्हटलं, तुले वाटंन हा पळून राहिला. आज त्याइले उत्तर द्याचं आहे. तू सही केली असती त मी गेलो असतो, राग नाही, सरळ गेलो असतो. पण ठरलं ते ठरलं." मग सहज, वेळ विचारावी तसं त्यानं विचारलं, "नाही केली ना वं?"

सांगून टाक, तिचं मन म्हणालं. तो रागावेल, बोलणार नाही, पण बंगळूरला जाईल. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या उत्तराची त्याला धास्ती नव्हती. तो आधीच फोन उघडून बसला होता. त्या चेहऱ्यासमोर ‘हो’ म्हणायला जो जीव लागतो तो तिच्यापाशी नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"मले मालूम होतं."

त्यानं भराभर काहीतरी लिहिलं आणि फोन तिच्यापुढे धरला. "नाही म्हणून कळवून राहिलो त्याइले. तुही इंग्रजी चांगली आहे. पाहून दे बरं, काही चुकलं काय?"

रोशनीनं ते वाचलं. एका शब्दात एक अक्षर कमी होतं. तिनं ते घातलं, आणि फोन त्याच्या हातात परत दिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पाठव."