लाल पानाची खूण

लंकाबाईंनी पदराने पडदा पुसला आणि संगणक गहिनीनाथकडे वळवला. पडद्यावर फक्त एक कुलूप होतं, आणि खाली पैशांची मागणी. लंकाबाई गावच्या पशुसखी, गुरांची देखभाल बघणाऱ्या. चारशे गाईंच्या सहा वर्षांच्या नोंदी, कुठली गाय कधी भरवली, कधी गाभण राहिली, लस कधी टोचली, सगळं त्या कुलपाआड गेलं होतं.

"उघडंल ना, भाऊ?"

"नाही उघडणार, ताई."

नोंदींचं ते सॉफ्टवेअर गहिनीनाथनेच लिहिलं होतं, सावेडीच्या फ्लॅटवर, नोकरी सांभाळून. कुणीही घ्यावं, आतला कोड उघडून बघावा, हवा तर बदलावा. 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही,' असं तो घोडेगावच्या गुरांच्या बाजारात छाती फुगवून सांगे. फुकट ते पौष्टिक म्हणून लोकांनीही घेतलं. फक्त त्याच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र चार वर्षांपूर्वी संपलं होतं. तेही फुकटच मिळतं, अर्ध्या तासाचं काम. पण आज करू, उद्या करू म्हणत घोंगडं भिजत पडलं. साइट उघडली की लाल पान यायचं: ही जागा सुरक्षित नाही. लोक घाबरून फोन करायचे. तो हसून सांगायचा, "ते लाल आपलंच आहे. खाली दाबा, पुढे जा."

गेल्या महिन्यात त्याने एकदाचं प्रमाणपत्र बसवलं. लोकांना कळवायचं मात्र त्याला सुचलं नाही.

"सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कुठून घेतलीत?"

"आधी तुमचीच साइट उघडली. पन लाल पान आलंच न्हाई, सरळ आत गेलं. म्हनलं, कुनीतरी नकली बसवलंय. लगीच बंद केलं." लंकाबाईंच्या आवाजात हुशारी केल्याचा अभिमान होता. "मग मोबाईलवर एक लिंक आल्ती. तिथं आलं की लाल पान! म्हनलं, हेच आपल्या भाऊचं."

गहिनीनाथचे कान तापले. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. समोरचा चहा त्याने बोटाने दूर सरकवला.

"ताई, ते लाल पान खरं बोलत होतं. खोटं मी बोललो."



"चार वर्सं?"

"आळस केला."

तेवढ्यात दारात बिभीषण आला. परवा तो बायकोला घेऊन ऊसतोडीला निघणार होता.

"आक्का, आमची गाय कवा व्यायची, तेवढं बघून सांगा. म्हंजी आईला माघारी ठिवायची का न्हाई, ते ठरवतो."

गहिनीनाथ बोलायला उठला. लंकाबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि संगणक भिंतीकडे फिरवला.

"आज लाइट न्हाई रे. उद्या ये."

बिभीषणने वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता.

"तुमी म्हनता म्हंजी नसंल," तो म्हणाला, आणि पायात चपला सरकवून निघून गेला.