वरची खाट

"मला चढता येतं की नाही हे बघायलाच एवढ्या लांब आणलंयस ना? मग हे बघ, चढतो. कर दादाला फोन आणि चल घरी."

लिफ्टमनचा एक पाय दुमजली खाटेच्या लोखंडी शिडीवर होता, दुसरा जमिनीवर. मुक्कामाच्या त्या खोलीत अशा खाटा दाटीवाटीने लावलेल्या. खालच्या सगळ्या खाटांवर कुणाकुणाचे टॉवेल, मोजे, पिशव्या आधीच ऐसपैस पसरल्या होत्या. मुलीने मुद्दाम वरच्या दोन घेतल्या होत्या, कारण वरच्या स्वस्त.

"थांबा बाबा, खालची मागते मी मालकीणबाईंकडे."

"नको. स्वस्तात आलोय, स्वस्तातच झोपू."

तो वर चढला आणि बसायला गेला तर डोकं छताला लागलं. चडफडत त्याने उशाशी असलेली हातभर खिडकी ढकलली. ती गंजून बसली होती. दोन बुक्क्या मारल्यावर ती करकरत उघडली आणि तापलेला वारा आत आला. मागे एक पत्र्याचं छप्पर, त्यावर कुणाचा तरी एकटा बूट, आणि छपराच्या पुढे काहीच नाही. तिथे जमीन संपली होती. दरी एवढी रुंद होती की पलीकडचा कडा निळसर दिसत होता. लिफ्टमन जरा वेळ बघत राहिला. मग त्याला आठवलं की आपण वैतागलेले आहोत, आणि तो कुशीवर वळला.

आयुष्यभर त्याने एका जुन्या कचेरीतली लिफ्ट चालवली. कचेरीतले लोक त्याला पाठीमागे 'वरखाली' म्हणत, आणि पुढेपुढे तोंडावरही म्हणू लागले. आत एक स्टूल, एक पंखा, जाळीचं दार आणि दारावर पाटी, 'फक्त सहा माणसं'. खिडकी नाही. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे त्याला आत येणाऱ्यांच्या छत्र्यांवरून कळायचं. स्वतः राहायचा तो चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीत लिफ्टचा खड्डा होता पण लिफ्ट कधी आलीच नाही. खड्ड्यात लोकांनी सायकली ठेवल्या. लिफ्टमनच्या घराला लिफ्ट नाही, हा विनोद त्याने इतक्यांकडून ऐकला होता की हल्ली समोरच्याने तोंड उघडायच्या आत तोच सांगून मोकळा व्हायचा. पण त्या घराला पश्चिमेची मोठी खिडकी होती. कामावरून आलं, जिना चढला, खिडकी उघडली, की दिवसभराची पेटी डोक्यातून निघून जायची. बायको असताना दोघं तिथे चहा प्यायचे. ती गेल्यावर तो एकटा प्यायचा, पण खिडकी तीच.

मध्यंतरी जिन्यात त्याला चक्कर आली. पायरीवर बसून राहिला, एवढंच. पण शेजारणीने मुलाला कळवलं आणि मुलाने 'माझ्याकडे राहायला या' असा घोशा लावला. त्याच्याकडे तळमजल्यावर मागची खोली रिकामी होती. सगळं होतं तिथे, गरम पाणी, गुळगुळीत फरशी, हाकेच्या अंतरावर सून. खिडकीही होती, ती शेजारच्या भिंतीकडे उघडायची. मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

मुलगी छापखान्यात कामाला होती, आणि सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून डोंगरदऱ्या तुडवायची. तिनेच बापलेकांच्या भांडणात तोडगा काढला. बाबांनी माझ्याबरोबर दरीत उतरायचं, नदीला हात लावायचा आणि त्याच दिवशी स्वतःच्या पायांनी वर यायचं. जमलं तर दादाने पुन्हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर बाबांनी तळमजल्यावर जायचं. मुलाला हसू आलं, पण तो हो म्हणाला. लिफ्टमननेही शब्द दिला. शब्द देताना त्याला वाटलं होतं, दरी म्हणजे असून असून किती खोल असेल.

सकाळी गाव झोपेत होतं. गाव म्हणजे एक रस्ता, पाण्याची टाकी आणि एक दुकान. दुकानदार उठेल तेव्हा दुकान उघडेल, असं मालकीणबाई म्हणाल्या. तो कधी उठतो, तर त्याचं काही सांगता येत नाही. वाट जिथून उतरते तिथपर्यंत जीप जायची, पण मुलगी म्हणाली, एवढ्यासाठी जीप कशाला.

"पैसे वाचवायला निघालेलं माणूस आधी पाय खर्च करतं," लिफ्टमन पुटपुटला.

"ऐकू आलं मला."

"ऐकू यावं म्हणूनच बोललो."

कड्यावर नकाशाची मोठी पाटी होती. उन्हाने तिच्यावरचं बाकी सगळं शाबूत ठेवून नेमकी वाट तेवढी पुसून टाकली होती. शेजारी 'नदी' असं लिहिलेला बाण होता, त्याचा खिळा ढिला होऊन तो सरळ आभाळाकडे वळला होता. लिफ्टमनने बाणाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं.

"बोलू नका काही," मुलगी म्हणाली.

तिने त्याच्या पिशवीतून जाडा टॉवेल, जादा सदरा आणि उशीचा अभ्रा काढून घेतला होता, आणि त्या जागी पाण्याच्या मोठ्या बाटल्या कोंबल्या होत्या. "तहान लागायची वाट बघायची नाही बाबा. सारखं थोडं थोडं प्यायचं." हे तिने इतक्यांदा सांगितलं की शेवटी तो म्हणाला, बाई गं, मी आंघोळच करतो हवं तर.

उतरताना मात्र त्याची तक्रार बंद झाली. वाट कड्याला चिकटून नागमोडी खाली जात होती. समोरून कुणी चढत आलं की लिफ्टमन भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि एक हात आडवा धरायचा, जाळीचं दार धरल्यासारखा. सगळे गेल्याशिवाय हात खाली यायचा नाही. खालच्या वस्तीला पिठाची पोती आणि गॅसची सिलिंडरं नेणारी खेचरं मागून आली, त्यांनाही त्याने तशीच वाट दिली. खेचरवाल्याने हसून हात कपाळाला लावला. मुलगी अधूनमधून ओरडायची, "पाणी!" तो बाटली तोंडाला लावायचा, ओठ ओले करायचा आणि झाकण घट्ट फिरवायचा.

नदी थंडगार होती. त्याने बूट काढून पाय पाण्यात सोडले, उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. वर पाहिलं तर दोन कड्यांमध्ये आकाशाची एक पट्टी तेवढी उरली होती. लिफ्टच्या खड्ड्यात कधी दुरुस्तीवाल्यांबरोबर उतरलं की असंच दिसायचं. पाय ठणठणीत होते. गुडघा कुरकुरला नव्हता. त्याच्या मनाने चौथ्या मजल्यावर जाऊन खिडकीही उघडली.

"जिंकलो की गं आपण," तो म्हणाला.

"वर गेल्यावर बोला. इथपर्यंत सगळेच येतात."

चढाला लागले तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं, पण खडक तव्यासारखे तापलेले. पहिली काही वळणं त्याने झपाट्याने घेतली. मग त्याचं बोलणं कमी झालं. मुलीला वाटलं, दम राखतायत. मग त्याच्या पोटरीत गोळा आला, तो चोळून पुढे निघाला. घाम यायचा थांबला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही, कारण ती पुढे होती. तिने मागे वळून पाहिलं ते त्याचा आवाज आला म्हणून. वरून एक जोडपं उतरत होतं. लिफ्टमनने भिंतीला पाठ लावली, हात आडवा धरला आणि अगदी अदबीने विचारलं, "कुठला मजला, साहेब?"

जोडपं हसलं. मुलगी हसली नाही.

ती धावत खाली आली. त्याला सावलीत बसवलं, बूट सैल केले आणि पाणी काढायला त्याची पिशवी उघडली. बाटल्या आत ओळीने उभ्या होत्या. भरलेल्या. एकीचं पाणी बोटभर उतरलं होतं, बाकीच्यांना हातही लागला नव्हता.

"बाबा, तुम्ही प्यायलाच नाहीत?"

त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. जीभ टाळूला चिकटली होती. "ड्युटीवर पाणी पीत नाही मी," तो म्हणाला. "प्यायलं की जावं लागतं. लिफ्ट टाकून जाणार कुठे?"

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. वेड्यासारखं दिवसभर पाठीवरून पाणी वाहिलंत, माझ्यासमोर तोंडाला लावायचं नाटक केलंत, कुठली ड्युटी, कुठली लिफ्ट, असं ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता तिचा आवाज फाटला. घट्ट फिरवलेलं झाकण तिला उघडेना. लिफ्टमनला तेवढं नीट दिसलं. त्याने तिच्या हातून बाटली घेतली, झाकण फिरवलं आणि प्यायला सुरुवात केली.

खेचरवाला रिकामी खेचरं घेऊन वर निघाला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने एका खेचराच्या पाठीवर घोंगडी सारखी केली. लिफ्टमन नको म्हणाला. उठून उभा राहिला, दोन पावलं टाकली आणि खडकाला धरून पुन्हा बसला.

मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसली. हळू आवाजात म्हणाली, "बसा बाबा. दादाला कोण सांगणार आहे? मी नाही सांगत. खेचर सांगणार आहे का?"

त्याने खेचराकडे पाहिलं. खेचराने कान हलवले.

"किती भार झेपतो याला?" त्याने खेचरवाल्याला विचारलं.

"बसा काका. सकाळपासून सिलिंडरं वाहतंय ते. तुम्हाला पोतंसुद्धा म्हणणार नाही."

वर पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. लिफ्टमनला हुशारी आली होती. गावात फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीखाली, आणि तोही एका खांबाला टेकून उभं राहिलं तर. मुलगी खांबाला टेकली. तो शेजारच्या कट्ट्यावर बसून ऐकत होता.

"हो दादा, आले. बरे आहेत. हो, नदीपर्यंत." मग त्याच्याकडे पाठ करून ती म्हणाली, "हो. चालतच."

लिफ्टमन उठला. त्याने हात पुढे केला. तिने मान हलवली. त्याने हात तसाच धरला, दार धरल्यासारखा. शेवटी तिने फोन दिला.

"अर्ध्यावरून खेचरावर बसून आलो रे," तो म्हणाला. "नाही, पडलो वगैरे नाही. हो. ये तू रविवारी. एकटा येऊ नकोस, कपाट तुला एकट्याला हलायचं नाही." मग पलीकडचं ऐकत राहिला. मुलगा बहुधा काहीतरी चांगलंच बोलत होता, कारण लिफ्टमनने दोनदा "असू दे, असू दे" म्हटलं.

फोन ठेवल्यावर मुलगी भडकली. पाय तर धड होते तुमचे, ती म्हणाली, पाण्यामुळे झालं सगळं, पाणी प्यायला असतात तर उड्या मारत आला असतात, त्यात जिन्याचा काय संबंध? आता कशाला कबूल करायला गेलात?

"सातवा माणूस बारीक आहे म्हणून मी कधी आत घेतला नाही," लिफ्टमन म्हणाला. "मोठ्या साहेबांच्या मेहुण्याला बाहेर ठेवला होता."

"ती लिफ्ट होती बाबा."

"असेल." तो दुकानाच्या दिशेने चालू लागला. "आणि जिन्यात मी एकटाच असतो, तिथे माझी पिशवी कोण उघडणार होतं?"

दुकान उघडं होतं. दुकानदार डोळे चोळत बसला होता. तिने न विचारताच साखर आणि मीठ घेतलं.

मालकीणबाईंना बातमी या दोघांच्या आधी पोचली होती. त्यांनी खालची एक खाट मोकळी करून ठेवली होती, स्वच्छ चादर घालून, त्याच भाड्यात. मुलीने आभार मानले आणि त्याची पिशवी त्या खाटेवर टाकली. लिफ्टमनने ती उचलली आणि शिडीवरून वर ढकलली.

"बाबा, आता तरी हट्ट करू नका."

"आज वरच झोपतो," तो म्हणाला. "रविवारपासून आहेच की खाली."

तो शिडी चढला. सावकाश, दांडी हाताने चाचपत, आणि या वेळी मान आधीच वाकवून बसला. खिडकीला एकच बुक्की पुरली. पलीकडचा कडा आता तांबडा झाला होता आणि दरीच्या तळातून अंधार पाण्यासारखा वर चढत होता. पत्र्यावरचा बूट अजून तिथेच होता.

मुलीने खालून साखरमिठाचं पाणी घातलेली बाटली वर धरली.

"रात्री उतरावं लागेल मग मला," तो म्हणाला.

"उतरा. घाई कुणाला आहे."

त्याने खिडकीबाहेर बघत बघत बाटली पूर्ण संपवली आणि रिकामी तिच्या हातात दिली.