नू साहेब भोपाळला आले

रमाकांतचं शेवटचं पत्र रंगूनहून आलं ते बासष्टच्या फेब्रुवारीत. तिथल्या सरकारी कचेरीत तो कारकून. घरच्यांची विचारपूस दोन ओळींत, आणि ब्रह्मदेशाच्या पंतप्रधान नू साहेबांचं कौतुक पानभर! "दरवेळी खुर्ची सोडतात, भिक्षू होतात, अन् दरवेळी परत येतात. मी तर पक्का संसारी. दिवाळीला येतोच."

मार्चात लष्करानं सत्ता घेतली, साहेबांना कैदेत टाकलं, आणि पत्रं थांबली. इकडे मेहकरात रमाकांतच्या बायकोनं, पद्मजानं, मनाशी गाठ मारली: साहेब सुटले की आपला माणूसही सुटणार.

आता घ्या! सहासष्टला साहेब सुटले. सासरे नीळकंठराव म्हणाले, "सूनबाई, आता?"

"आत्ता तर सुटले, मामंजी. देशाबाहेर कुठं जाऊ देतात?"

एकोणसत्तरला तेही झालं. "थायलंडात आहेत ना अजून," पद्मजा म्हणाली. शेजारच्या केसरबाई तोंडावर विचारायच्या, "काऊन वं, तुया नवऱ्याले काय त्या साहेबाच्या लुंगीले बांधलं हाय?" पद्मजा हसायची आणि कुंकू आणखी ठसठशीत लावायची.

बारा वर्षं उलटली. बेपत्ता माणसाची एवढी वाट पाहून झाली, की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. नीळकंठरावांनी तरी घाई केली नाही. मग एके दिवशी पेपर आणून त्यांनी नुसता तिच्यापुढे ठेवला. नू साहेब भोपाळला राहायला आले होते.

भोपाळ! नांदुऱ्याला आगगाडीत बसलं की एका दिवसाची वाट. पद्मजानं बातमी दोनदा वाचली. रडू येईल असं तिला वाटलं, पण काहीच आलं नाही. आता पुढं ढकलायला सबबच उरली नव्हती.

"पानं आणवा, मामंजी," ती म्हणाली.

पैनगंगेच्या काठी भटजींनी तीनशे साठ पानं मांडली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. नीळकंठरावांनी तोंड फिरवलं. पद्मजा मात्र टक लावून बघत राहिली.

"हे एवढे ठेंगणे नव्हते, भटजी. पाय लांब करा."

"पानं ठरलेली असतात, बाई. वाढवता नाही येत."

"मग विरळ मांडा."

भटजी पायांची पानं एकेक करून खाली सरकवू लागले.

"अजून थोडे," पद्मजा म्हणाली. "अजून. हां, एवढेच."