कवळीतले किडे

"पडनात! बठ्ठा किडा पडनात!"

भडगावजवळच्या मळ्यात गर्दी नुसती उसळली. पाण्याने भरलेल्या परातीत मधोमध विस्तवाची खापरी, तिच्यावर डोक्यावरून फडकं घेऊन, तोंड उघडं ठेवून वाकलेली, दाढदुखीने बेजार झालेली रूपा. दाढेतले किडे पाडणाऱ्या उखर्डू महाराजांनी विस्तवावर बिया टाकल्या आणि धुराबरोबर पाण्यात पांढरे, वळलेले किडे तरंगू लागले.

त्याआधी त्यांनी रूपाच्या खालच्या ओठात सुई टोचली होती. ती हललीसुद्धा नाही. "डाकीणनी व्हट धरेल शे," महाराज गरजले, "येले सुईबी लागत नही!"

गर्दीत उभ्या मृणालीच्या मुठी वळल्या. तिच्या बापाचा, गुलाबचा, ओठही असाच बधिर झाला होता. त्यालाही इथेच धुरी मिळाली. सूज गळ्यात उतरली आणि जळगावच्या वाटेवर श्वास कोंडून तो गेला. तेव्हा ती धुळ्यात दातांच्या डॉक्टरकीचा शेवटचा पेपर लिहीत होती. आज तिला हा माणूस चारचौघांत उघडा पाडायचा होता.

ती पुढे झाली. महाराज हसले, "डाक्तरीणबाई, तुमना मशीनमा डाकीण दिसस का?" हसताना त्यांची वरची दातांची ओळ घसरली, ती त्यांनी जिभेने वर ढकलली. मृणालीने ते हेरलं.

"महाराज, तुम्हीही धुरी घ्या. बघू तुमच्या दाढेत किती किडे आहेत."

"घ्या ना महाराज!" लोक ओरडले. माघार घेता येईना. विस्तवावर बिया टाकून महाराज वाकले. किडे पडले. "दखा, मना दाढमा बी व्हतात!"

"छान. आता कवळी काढा."

महाराजांनी तोंड गच्च मिटलं. रूपाची आई कुंदाबाई अंगावर धावली, "तोंड उघड! मनी पोरले मारस का?" वरची-खालची दोन्ही कवळ्या तिच्या हातात आल्या. बोळक्या तोंडात एकही दात नव्हता.

"प्लॅस्टिकला कधी कीड लागते?" मृणालीने महाराजांच्याच बिया परातीतल्या विस्तवावर टाकल्या. तिथे कुणीच वाकलेलं नव्हतं, तरी आणखी किडे पडले. "या भुईरिंगणीच्या, काटेरी रानझुडपाच्या बिया. भाजल्या की फुटतात आणि आतला वळलेला कोंब पाण्यात उडतो."

"मंग सुई का बरं लागनी नही, ताई?" रूपाने विचारलं.

"तुझ्या दाढेच्या मुळाशी पू झालाय. जबड्याच्या हाडातून ओठाकडे जी नस जाते, ती त्याने दाबलीय. चल, उशीर नको."

कुणीतरी महाराजांवर चप्पल उगारली. मृणालीला ती पडलेली पाहायची होती, अगदी मनापासून. पण तिने तो हात धरला. "पोलिसांत द्या याला. तक्रार मी लिहून देते." मग ती महाराजांच्या कानाशी वाकली. "माझ्या बापाचं नाव गुलाब. कोर्टात रोज ऐकशील."

जळगावला रूपाची दाढ काढली, पू काढला. ताप उतरला. ओठाची जाणीव मात्र हळूहळू, काही आठवड्यांनी परतली. मृणालीचा राग काही विझला नाही. तो घेऊनच ती आता गावोगाव बोलते.

"ओठ, हनुवटी बधिर झाली तर डाकीण शोधू नका, डॉक्टर गाठा. सूज गळ्याकडे निघाली तर घटकाभरही थांबू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला एवढंच म्हणा: रोगी माणूस बाजूला करून तेच दाखव."